काकांची फाइल आणि तीन पहारेकरी

संगणकाला अभ्रे शिवण्याचा काळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांना ही हकीकत कदाचित रचलेली वाटेल. आमच्या संगणकाचे अभ्रे पत्नीने बैठकीच्या खोलीतल्या जुन्या पडद्यांतून बेतले होते. त्यामुळे संगणक झाकला की तो खिडकीचाच एखादा चुकलेला भाग वाटे. शेजारी टेलिफोन होता, कारण इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतूनच येई. जोडणी होताना मोडेमच्या घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज होई, मग लांब शीळ, मग खरखर, आणि त्यानंतर घरातला टेलिफोन मुका. एका वेळी एकच साधायचे: जगाशी जोडून घ्यावे, नाही तर नातेवाइकांशी बोलावे. आजही तो आवाज आठवला की मागोमाग त्या खोलीतला संध्याकाळचा पिवळा उजेड येतो, आणि सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसणारे वडील.

मी महाविद्यालयात लोकप्रशासन शिकवत असे. निरनिराळ्या खात्यांमध्ये समन्वय कसा साधावा, हा माझा खास विषय. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात पत्नीने या गोष्टीची आठवण मला वेळोवेळी करून दिली.

प्रकरण सुरू झाले ते एका ईमेलने. वडील नोंदणी कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना ईमेलचा पत्ता मीच हौसेने काढून दिला होता, आणि त्यावर जाहिरातींखेरीज आजवर कुणी काही पाठवले नव्हते. वडील त्या जाहिराती शेवटपर्यंत वाचत आणि प्रत्येकीला 'सध्या आवश्यकता नाही' असे उत्तर धाडत. त्या दिवशी मात्र पत्र आले ते काकांचे. मजकूर एवढाच: 'आदरणीय दादा, जुने काही सापडले आहे. सोबत जोडले आहे. कृपया उघडून पाहावे.' खाली एक फाइल.

वडील आणि काका, सख्खे भाऊ, कित्येक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण झाले होते कुत्र्याच्या नावावरून. दोघांच्या लहानपणी घरी एक कुत्रा होता. वडिलांच्या मते त्याचे नाव हवालदार, काकांच्या मते भुंग्या. कुत्रा दोन्ही नावांना शेपूट हलवी, त्यामुळे त्याच्या हयातीत वाद विकोपाला गेला नाही. पुढे दोघांच्या नोकऱ्या झाल्या, संसार झाले, केस पिकले. आणि एका नातलगाच्या लग्नात जेवणे आटोपून मंडळी गप्पांना बसली असताना काकांनी 'आमचा भुंग्या' म्हणून एक गोष्ट सुरू केली. वडिलांनी भर मंडळीत चूक दुरुस्त केली. काकांनी दुरुस्तीची दुरुस्ती केली. त्या ओघात वडील बोलून गेले, की तू लहान होतास, तुला काय आठवतंय. आणि ते काकांच्या जिव्हारी लागले. नवरानवरी निरोपाला आली तेव्हा दोघे भाऊ सभागृहाच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या भिंतींकडे पाहत बसले होते. तेव्हापासून अबोला. आम्हालाही हुकूम होता, मध्ये पडायचे नाही. मी पडलो नाही. काकू आणि माझी पत्नी यांनी मात्र हा हुकूम सुनांना लागू नाही असे परस्पर ठरवून, आपापल्या कार्यालयातून दूरध्वनीवरचे दळणवळण चालू ठेवले होते.

म्हणजे ही फाइल हा इतक्या वर्षांनी पुढे आलेला हात होता. वडिलांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पत्र पुन्हा वाचले आणि म्हणाले, "उघड."

नेमके तेव्हाच वरच्या मजल्यावरचे बँकवाले आमचे वर्तमानपत्र न्यायला आले. हे गृहस्थ बँकेत संगणक आला त्या दिवशी हजर होते, आणि तेवढ्या पुण्याईवर आमच्या इमारतीत त्या विषयातले अंतिम अधिकारी समजले जात. त्यांनी माझा हात माउसवरून अलगद बाजूला केला. अनोळखी माणसाची फाइल उघडू नये हे सगळ्यांनाच कळते, ते म्हणाले. पण ओळखीच्या माणसाची तर मुळीच उघडू नये, कारण व्हायरस हल्ली ओळखीच्याच नावाने फिरतो. मी म्हटले, हे आमचे सख्खे काका आहेत. त्यावर त्यांनी पत्रातल्या 'उघडून पाहावे' या शब्दांवर बोट ठेवले. व्हायरस नेमके हेच लिहितो म्हणे.

खरा घाव वडिलांनी घातला. "शंका तर मलाही आली," ते हळू आवाजात म्हणाले. "धाकट्याने जन्मात मला 'अरे'शिवाय हाक मारली नाही. तो आदरणीय कधी लिहील? आणि कृपया हा शब्द त्याला येतो, हेच मला ठाऊक नव्हतं."

पुरावा बिनतोड होता. काकांच्या सौजन्यामुळे काकांवरचा संशय पक्का झाला, आणि फाइल तपासल्याशिवाय उघडायची नाही असा ठराव झाला.

तपासायला आमच्याकडे अँटिव्हायरस नव्हता असे नाही. होते ते तीन. एक बँकवाल्यांनी भेट म्हणून दिला होता. त्याचे चिन्ह ढाल. दुसरा मेहुण्याने स्वतः रजा काढून बसवला होता. त्याचे चिन्ह छत्री. तिसरा संगणक विकणाऱ्या दुकानदाराने 'घरच्यासारखे आहात' असे म्हणत बिलात धरला होता, त्याचा डोळा. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, ढाल, छत्री आणि डोळा असे तिघे ओळीने बसलेले असत. त्यांतला एखादा काढावा, तर देणाऱ्याला काय वाटेल? बँकवाले आमच्याकडे आले की बसण्याआधी वाकून आपली ढाल जागेवर आहे ना हे पाहत. मेहुणा तर चहा पिताना छत्रीची विचारपूस करी. आमच्या घरात आलेल्या वस्तूला नाही म्हणण्याची पद्धत नव्हती. नको असलेल्या फुलदाण्यांनी आमचे अर्धे कपाट त्याच कारणाने भरलेले होते. फुलदाण्या मात्र एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नसत.

मी फाइलवर तपासणीचा हुकूम सोडला. एक निळी पट्टी उजवीकडे सरकू लागली. वडील तिच्याकडे, निवडणुकीचा निकाल पाहावा, तसे पाहत होते. पट्टी टोकाला टेकता टेकता थांबली, आणि तिच्याबरोबर सगळेच थांबले. बाण हलेना, घड्याळ पुढे जाईना, कळा दाबल्या तर पेटीतून नाराजीचा एक स्वर निघे. शेवटी बटण दाबून संगणक बंद करावा लागला. पुन्हा चालू होईपर्यंत माझी अंघोळ झाली. पुन्हा हुकूम, पुन्हा पट्टी, पुन्हा त्याच जागी गोठलेला संगणक.

यानंतर सल्ले सुरू झाले. बँकवाले म्हणाले, यंत्र तापते. पंखा त्याच्याकडे वळवा. आम्ही वळवला, आणि आम्ही तापलो. मेहुण्याने टेलिफोनवरून निदान केले की त्या ढालीतच खोट आहे, ती काढा. बँकवाल्यांचे मत छत्रीबद्दल तेच होते. दुकानदाराने दोघांनाही नावे ठेवून स्मृती वाढवायला सांगितली. त्यावर पत्नी म्हणाली, संगणकाचीच का. एका गोष्टीवर मात्र तिघांचे एकमत होते: अँटिव्हायरस जुने झाले आहेत, त्यांना ताजी माहिती पुरवायला हवी. ती इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागे, आणि तीन पहारेकऱ्यांचा तीन वेगळ्या ठिकाणचा शिधा उतरवता उतरवता आमची टेलिफोनची तार सकाळ-संध्याकाळ गुंतलेली राहू लागली. मी महाविद्यालयातून येई, अभ्रा काढी, आणि मोडेम घसा खाकरू लागे.

वडिलांना या काळात एक चिंता लागली होती. पत्र आले आहे, त्याची पोच द्यायला हवी. उत्तर न देणे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हते. त्यांनी मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला: 'आपण पाठविलेली फाइल या ठिकाणी प्राप्त झाली असून तिची सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासणी चालू आहे. तपासणीअंती कळविण्यात येईल.' मी चाचरत म्हटले, की भावाला हे जरा कोरडे वाटेल. वडिलांनी विचार केला आणि शेवटी 'कृपया' घातले. त्यानेही घातले आहे, म्हणाले.

उत्तर आले नाही. खरा माणूस असता तर त्याने उत्तर दिले असते, असे बँकवाले म्हणाले.

त्या आठवड्याच्या शेवटी पत्नी कार्यालयातून आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काकूंचा तिला फोन आला होता. फाइल काकांनीच पाठवली होती. पाठवल्यापासून ते जेवणाचे ताटसुद्धा संगणकापुढे घेऊन बसत होते. मग ती पोच गेली. 'तपासणी' हा शब्द त्यांनी काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. तरी राग गिळून त्यांनी आमच्याकडे टेलिफोन लावला. एकदा लावला, दहादा लावला. सकाळी लावला, संध्याकाळी लावला. दर वेळी तार गुंतलेली. शेवटी त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, दादाने माझ्या भीतीने टेलिफोन उचलून बाजूला ठेवलाय. आता पुन्हा लिहिणार नाही.

"समन्वय," पत्नी मला म्हणाली, आणि पर्स ठेवायला आत गेली.

वडील आरामखुर्चीत होते. त्यांना सगळे ऐकू गेले होते. त्यांनी समोरचा चहा बशीने झाकला, बराच वेळ त्या बशीकडे पाहिले, आणि मला एवढेच विचारले, की हे यंत्र आज सुटेल का. त्या आवाजात अधिकार नव्हता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता, आणि तो ऐकल्यावर मला माझ्या साऱ्या पदव्या फार हलक्या वाटल्या.

मी डोळ्याच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी एका यंत्राने माझी भाषा विचारली, मग दुसऱ्याने माझी अडचण, मग बासरी लागली. बासरीच्या मधूनमधून माझा फोन त्यांना महत्त्वाचा आहे असे आश्वासन मिळत होते. अखेर एक मुलगी आली. मी तिला प्रकरण पार्श्वभूमीपासून सांगू लागलो, तेव्हा तिने शांतपणे विचारले, की आमच्या अँटिव्हायरसशिवाय दुसरा एखादा आहे का.

"दोन आहेत," मी म्हणालो.

"म्हणजे एकूण दोन ना, सर?"

"एकूण तीन."

पलीकडे जी शांतता पसरली, तशी माझ्या व्याख्यानांना कधी लाभली नाही. मग तिने समजावून सांगितले. एकाच दारावर तीन पहारेकरी आहेत. पहिला आलेल्या पिशवीत हात घालतो. दुसऱ्याला वाटते हाच चोर, तो त्याचा हात धरतो. तिसरा दोघांना धरतो. मग पिशवीही तिथेच आणि तिघेही तिथेच. यंत्र गोठते ते यामुळे. दोघांना निरोप द्या, एकालाच ठेवा. मी वर्गात हेच वर्षानुवर्षे, आकृत्या काढून शिकवत आलो होतो.

तिने सांगितल्याप्रमाणे मी ढाल काढली, छत्री काढली. काढताना यंत्राने 'खात्री आहे का?' असे विचारले, तेव्हा बँकवाल्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण वडील मागे उभे होते. संगणक पुन्हा चालू झाला तो अंघोळीला सवड न देता. निळी पट्टी या वेळी अडखळली नाही, टोकाला पोहोचली. निकाल लागला: फाइलला कुलूप आहे, आत पाहता आले नाही.

मी मुलीला विचारले, आता? ती म्हणाली, पाठवणाऱ्याला फोन करा. फाइल त्यांनीच पाठवली ना ते विचारा आणि पासवर्ड घ्या. मी विचारले, याखेरीज दुसरा काही मार्ग?

"सर," ती म्हणाली, "तुम्ही फोनच करा ना."

मी रिसीव्हर ठेवला. इतक्या दिवसांचे पंखे, शिधा, सल्ले हे सगळे एक टेलिफोन टाळण्यासाठी चालले होते, हे आम्हा तिघांना एकाच वेळी उमगले असावे, कारण कुणीही कुणाकडे पाहिले नाही. मी पत्त्यांच्या वहीत काकांचा क्रमांक शोधू लागलो. पान सापडेपर्यंत वडिलांनी तो फिरवलाही होता. न पाहता. इतकी वर्षे तो त्यांना पाठ होता.

"मी बोलतोय," वडील म्हणाले.

तिकडून काका काय म्हणाले ते आम्हाला स्वच्छ ऐकू आले. त्यांचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. "झाली का तपासणी?"

"अर्धी झाली. कुलूप लावलंयस."

"मग? उघडी पाठवू?"

"आणि आदरणीय कशाला लिहिलंस? त्यानेच सगळा घोळ झाला."

त्यावर कळले ते असे. काका ज्येष्ठांसाठीच्या संगणकवर्गाला जात होते. पत्राची सुरुवात आदरार्थी करावी, हे तिथल्या शिक्षकांनी शिकवलेले. खासगी फाइलला कुलूप लावावे, हेही त्यांनीच शिकवलेले. पासवर्ड असा असावा की जो फक्त आपल्या माणसाला सुचेल, आणि तो कुठेही लिहून ठेवू नये. काकांनी तंतोतंत पाळले.

"मग काय ठेवलायस?" वडिलांनी विचारले.

काका प्रथमच हळू बोलले. "अरे, तेच आठवेना."

आणि ते 'अरे' ऐकून वडील खुर्चीत नीट टेकून बसले.

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखी रविवारांपैकी होते, असे आता वाटते. सकाळची न्याहारी झाली की वडील रिसीव्हर घेऊन बसत, मी संगणकापुढे. मोडेमला त्या दिवशी पूर्ण सुट्टी. दोघे भाऊ एकेक शब्द आठवून काढत आणि मी तो टंकून पाहत असे. शाळेचे नाव झाले. गणिताच्या मास्तरांना मुलांनी ठेवलेले नाव झाले. दोघांत मिळून एक सायकल होती, तिचा कारखाना झाला. ज्या चित्रपटगृहात ते घरी न सांगता गेले होते ते झाले, आणि तिथून निघताना दारात भेटलेल्या आजोबांची आठवण निघून तासभर शब्दच पुढे सरकले नाहीत. दोघे नुसते हसत होते. आजी कपाटाची किल्ली कुठे लपवत असे, यावर एक अख्खा रविवार गेला. पत्नीने पहिल्याच दिवशी रास्त प्रश्न विचारला होता, की काकांनी कुलूप न लावता फाइल पुन्हा का पाठवू नये? काका म्हणाले, घरच्या यंत्रावर ते जमत नाही आणि वर्गातले सारखे मिळत नाही. वडील म्हणाले, एकदा आवक झालेले प्रकरण असे अर्धवट सोडता येत नाही. दोन्ही कारणे इतकी पोकळ होती की पत्नीने पुन्हा तो विषय काढला नाही. ती मुकाट्याने वडिलांच्या पाठीला उशी आणून देऊ लागली.

एका गोष्टीचा उच्चार मात्र दोघेही टाळत होते. सायकलीच्या मागे कोणीतरी धावत असे, पायरीवर कोणीतरी झोपत असे, आजोबांची चप्पल कोणीतरी पळवत असे. ते कोणीतरी जवळ आले की दोन्ही टोकांना घसे साफ होत आणि गोष्ट दुसरीकडे वळे.

अखेर शब्द संपले. एका रविवारी दोघेही नुसते रिसीव्हर धरून बसले होते. वडिलांनी चष्मा काढला, पुसला.

"कुत्रा राहिला," ते म्हणाले.

तिकडे काकांचा घसा साफ झाला.

वडील माझ्याकडे वळले. "भुंग्या घाल," ते म्हणाले, मोठ्याने, तारेपलीकडे जाईल अशा बेताने.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. मग ते नाव टंकले. कुलूप उघडले नाही. मी तसे सांगितले. वडिलांनी तिकडे सांगितले, आणि त्या सांगण्यात विजय शोधूनही सापडला नसता; उलट त्यांना वाईटच वाटले होते.

"तुझं घालून बघ," काका म्हणाले.

मी 'हवालदार' टंकले. फाइल उघडली.

तिकडून काकांचा आवाज आला, की त्या दिवशी वर्गात बसलो होतो, तुलाच पाठवायचंय म्हणून बसलो होतो. तेव्हा दुसरं कुठलं नाव हाताला येणार.

आत एकच छायाचित्र होते. मी ते उघडले. वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी, ते उमटत गेले: आधी भिंत, मग दोन मुलांचे विस्कटलेले केस, मग दोघांचे चौकडीचे सारखे सदरे, आणि दोघांच्या मध्ये, दोघांच्याही हाताखाली डोके घालून बसलेला तो. एक कान उभा, एक पडलेला. छायाचित्र पूर्ण झाले, आणि संगणक गोठला.

बाण हलेना. घड्याळ थांबले. मी कोपऱ्यात पाहिले. डोळ्याशेजारी ढाल बसली होती. मी सकाळी बाजारात गेलो असताना बँकवाले येऊन गेले होते. ढाल जागेवर नाही असे पाहून त्यांनी ती आपणहोऊन पुन्हा बसवली होती, आणि पत्नीने आभार मानल्यावर शेजारधर्म आहे असे म्हणाले होते.

सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

"बंद करू नकोस," वडील म्हणाले.

मी हात मागे घेतला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाण कुत्र्याच्या नाकावर अडकून बसला होता.

"दिसतोय का?" काकांनी विचारले.

"दिसतोय. अरे, याचा डावा कान पडलेला होता. मी इतकी वर्षं उजवा समजत होतो."

"माझ्या हातात मूळ फोटो आहे. उजवाच आहे."

"माझ्यासमोर आहे तो. डावा आहे."

"त्याचा डावा की तुझा डावा?"

वडिलांनी तोंड उघडले, आणि मी व पत्नी, दोघांनीही श्वास रोखला. पण ते हसले. मग त्यांनी पाय वर घेतले, रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि भावाला विचारले, की फोटो काढताना तू रडत का होतास. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी झाला, आणि त्या खोलीत संगणकाच्या पडद्याचाच तेवढा प्रकाश उरला. चित्र हलत नव्हते. पत्नी अभ्रे घेऊन आली, क्षणभर दारातच थांबली, आणि घडी न मोडता ते परत घेऊन गेली.